रूळ कोणाचे, तोटा कोणाचा

ग्वाल्हेर जंक्शन सोडून आग्र्याच्या दिशेने निघालेली गाडी शहराची हद्द ओलांडण्याआधीच बिर्लानगर नावाच्या एका स्थानकावरून जाते. दिल्ली-मुंबई मुख्य मार्गावरच्या या स्थानकात वेगवान गाड्या थांबत नाहीत. पण भिंड आणि पुढे इटाव्याकडे जाणारा फाटा इथूनच सुटतो. जियाजीराव कॉटन मिल, जिला ग्वाल्हेरात आजही नुसते ‘जे. सी. मिल’ म्हणतात, ती घनश्यामदास बिर्ला यांनी १९२१ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने इथे उभी केली आणि वस्तीला व स्थानकाला बिर्ला हे नाव चिकटले. राष्ट्रीय रेल्वेच्या खासगीकरणाची चर्चा सहसा लंडनपासून किंवा टोकियोपासून सुरू होते. परंतु संस्थानिकाचे कर्ज, लंडनमध्ये नोंदलेली कंपनी, दरबारी मालकी, केंद्र सरकारचे खाते आणि अलीकडची ठेकेदारी, अशा रेल्वे-मालकीच्या जवळजवळ सर्व तऱ्हा या एका स्थानकाच्या परिसराने पाहिलेल्या असल्यामुळे हा प्रश्न इथून तपासणे अधिक सोयीचे ठरते.

मुख्य मार्गाचीच गोष्ट आधी घेऊ. आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी ग्वाल्हेर दरबाराने १८७२ मध्ये ब्रिटिश सरकारला ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले, पुढच्याच वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढीच रक्कम आणखी दिली, आणि १८८१ पर्यंत आग्र्याहून ग्वाल्हेरपर्यंत गाडी येऊ लागली. पैसा शिंद्यांचा असला तरी मार्ग चालवण्याचे काम कालांतराने इंडियन मिडलँड रेल्वे या कंपनीकडे आणि १९०० नंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे, म्हणजे मराठी माणसाच्या तोंडी रुळलेल्या ‘जी. आय. पी.’कडे गेले. बोरीबंदर ते ठाणे ही १८५३ ची पहिली गाडी चालवणारी कंपनी तीच. ही कंपनी खासगी होती; पण तिचे खासगीपण फार सोयीचे होते. ‘हमी पद्धत’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत कंपनीच्या भागधारकांना गुंतवणुकीवर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी असे, जमीन फुकट मिळे, आणि उत्पन्न कमी पडल्यास फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरला जाई. नफा भागधारकांचा आणि तोटा रयतेचा असा हा करार असल्याने काटकसरीने मार्ग बांधण्याचे कारणच कंपनीला उरले नव्हते, आणि दादाभाई नौरोजींच्या पिढीने संपत्तीच्या निचऱ्याचा जो हिशेब मांडला त्यात रेल्वेवरील व्याजाची रक्कम ठळकपणे येते, ती याचमुळे.

सरकारने १९०० मध्ये जी. आय. पी.ची मालकी विकत घेतली, मात्र व्यवस्थापन कंपनीकडेच ठेवले. ही दुहेरी रचना पाव शतक टिकली. सर विल्यम अ‍ॅकवर्थ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२०-२१ मध्ये रेल्वेच्या कारभाराची तपासणी केली, तेव्हा व्यवस्थापन सरकारने घ्यावे की कंपन्यांकडे ठेवावे यावर सदस्यांत समसमान फूट पडली; अध्यक्ष स्वतः सरकारी व्यवस्थापनाच्या बाजूने उभे राहिले. अ‍ॅकवर्थ हे काही समाजवादी नव्हते. इंग्लंडात ते खासगी रेल्वे कंपन्यांचे समर्थक म्हणून ओळखले जात. पण मालक एक, चालक दुसरा आणि पैसा तिसऱ्याचा अशा व्यवस्थेत कोणालाच जबाबदार धरता येत नाही, हे त्यांनी हिंदुस्थानात पाहिले. १९२५ च्या मध्यास जी. आय. पी. पूर्णपणे सरकारच्या हाती आली.

बिर्लानगरहून सुटणाऱ्या भिंडच्या फाट्याचा इतिहास मात्र वेगळा आहे. माधवराव शिंदे यांना आगगाडीचा नाद होता. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर पाहुण्यांपुढे फिरणारी चांदीची आगगाडी आजही पर्यटकांना दाखवली जाते. पण त्या हौसेतून निघालेली ग्वाल्हेर लाइट रेल्वे खेळण्यातली नव्हती. दोन रुळांमधील अंतर फक्त दोन फूट असलेल्या या अरुंद मार्गाचे भिंड आणि शिवपुरीकडचे फाटे १८९९ मध्ये सुरू झाले आणि तिसरा, सबलगडमार्गे श्योपूरकडे जाणारा, सुमारे २०० किलोमीटर लांबीचा फाटा १९०९ मध्ये पुरा झाला. दोन फुटी मार्ग स्वस्त असतो, कारण त्याला वळणे तीव्र चालतात, पूल हलके पुरतात आणि भराव कमी लागतो. पण त्याच कारणाने त्याचा वेग आणि वहनक्षमता कायमची मर्यादित राहते. चंबळच्या खोऱ्यातील दऱ्याखोऱ्यांतून जाणारा हा मार्ग व्यापारी हिशेबात कितपत बसत होता हा प्रश्न दरबाराला फारसा छळत नव्हता, कारण रेल्वे ही राज्यकारभाराचा भाग होती आणि दुष्काळात धान्य पोचवणे हाही तिचा उपयोग मानला जाई.

संस्थानांच्या रेल्वे १ एप्रिल १९५० रोजी केंद्राकडे आल्या. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी., निजामाची रेल्वे, शिंद्यांची रेल्वे आणि धोलपूरची रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे बनवण्यात आली. म्हणजे मुंबईचा व्हिक्टोरिया टर्मिनस आणि श्योपूरचे चिमुकले स्थानक एकाच महाव्यवस्थापकाच्या अखत्यारीत आले. (२००३ पासून झाशी विभाग आणि त्याबरोबर बिर्लानगर उत्तर मध्य रेल्वेत आहे.) या एकत्रीकरणाचा एक अर्थ प्रशासकीय होता, दुसरा आर्थिक. एकाच खात्यात सारे उत्पन्न जमा होऊ लागल्यावर कोळसा आणि लोखंड वाहणाऱ्या मालगाड्यांच्या कमाईतून प्रवासी गाड्यांचा, आणि गजबजलेल्या मार्गांच्या कमाईतून ओसाड फाट्यांचा तोटा भरून निघू लागला. अर्थशास्त्रात याला ‘परस्पर अनुदान’ म्हणतात: एका ग्राहकाकडून खर्चापेक्षा जास्त घेऊन दुसऱ्याला खर्चापेक्षा कमी दरात सेवा देणे. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम प्रवाशाकडून वसूल होते, असे रेल्वेने तिकिटावर छापायला सुरुवात केली तेव्हा अनेकांना तो उपकार दाखवण्याचा प्रकार वाटला. पण उरलेला भार तिजोरीइतकाच विजेच्या बिलातून आणि सिमेंटच्या पोत्यातूनही उचलला जातो, हे त्या छापील वाक्यात नव्हते.

खासगीकरण प्रथम घाव घालते ते या परस्पर अनुदानावर. जपानचे उदाहरण यासाठी सर्वांत उपयोगी आहे, कारण ते बहुतांशी यशस्वी मानले जाते. जपानी राष्ट्रीय रेल्वेवर सुमारे ३७ लाख कोटी येनचे कर्ज साचल्यावर १ एप्रिल १९८७ रोजी तिचे सहा प्रादेशिक प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी असे विभाजन झाले. प्रवासी कंपन्यांना गाड्यांबरोबर आपापल्या प्रदेशातील रूळही देण्यात आले, ही यातली कळीची गोष्ट. होन्शू या मुख्य बेटावरच्या तीन कंपन्यांना टोकियो, नागोया आणि ओसाकाची अफाट गर्दी मिळाली, स्थानकांभोवतालच्या जागेतून दुकाने, हॉटेले आणि कार्यालये उभी करता आली, आणि त्या खरोखरच भरभराटीला आल्या. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचे तसे नव्हते. विरळ वस्ती, लांब अंतरे आणि बर्फ हटवण्याचा खर्च यांमुळे तिथे तोटा होणार हे आधीच ठाऊक असल्याने सरकारने त्या कंपनीला एक निधी बांधून दिला आणि त्याच्या व्याजातून तोटा भरावा अशी योजना केली. पुढे जपानमधले व्याजदर शून्याच्या आसपास उतरले, निधीचे उत्पन्न आटले, आणि २०१६ मध्ये होक्काइदोच्या कंपनीने आपल्या जाळ्यापैकी जवळपास निम्मे मार्ग स्वबळावर चालवणे शक्य नसल्याचे जाहीर केले. कंपनी गैरकारभारी होती असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. परस्पर अनुदानाची नाळ तोडल्यावर दुबळ्या फाट्याचा खर्च कोणी उचलायचा, हे १९८७ मध्ये एका व्याजदराच्या गृहीतकावर सोडून दिले गेले होते.

जुन्या कर्जाचेही तसेच. त्यातला मोठा हिस्सा नव्या कंपन्यांवर न लादता एका स्वतंत्र निगमाकडे वळवला गेला, आणि १९९८ मध्ये तो निगम गुंडाळला गेला तेव्हा उरलेला बोजा मुख्यतः सरकारी तिजोरीवर आला. नव्या कंपन्यांच्या नफ्याचे आकडे वाचताना ही गोष्ट बाजूला ठेवून चालत नाही.

ब्रिटनने कापण्याची रेघ दुसरीकडे ओढली. १९९३ च्या रेल्वे कायद्यानुसार तिथे प्रदेशांऐवजी कामांची वाटणी झाली: रूळ, सिग्नल आणि स्थानके रेलट्रॅक या कंपनीकडे, गाड्या चालवण्याचे परवाने दोन डझनांहून अधिक कंपन्यांकडे, डबे आणि इंजिने भाड्याने देणाऱ्या तीन वेगळ्या कंपन्यांकडे, आणि रुळांची देखभाल पुन्हा निराळ्या ठेकेदारांकडे. रेलट्रॅकचे समभाग १९९६ मध्ये बाजारात आले आणि दोन-अडीच वर्षांत त्यांचा भाव चौपटीहून अधिक झाला. प्रवासीसंख्याही वाढली, १९९४-९५ मधील सुमारे ७३ कोटी प्रवास २०१८-१९ पर्यंत पावणेदोनशे कोटींच्या घरात गेले, आणि खासगीकरणाचे टीकाकार हा आकडा फार घाईने उरकतात. अर्थात त्याच काळात लंडनमधील रोजगार वाढला, रस्ते तुंबले, आणि रेल्वेवरचा सरकारी खर्च घटण्याऐवजी वाढला, हेही त्याच्या शेजारी लिहावे लागते.

या रचनेतला दोष रुळाच्या पृष्ठभागावर उघडा पडला, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. गाडीचे चाक आणि रूळ यांचा स्पर्श जेमतेम एखाद्या नाण्याएवढ्या जागेत होतो आणि तेवढ्या जागेवर कित्येक टनांचा भार येतो. वळणावर चाकाची कड रुळाच्या आतल्या कोपऱ्याला घासत राहिली की तिथे केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या वेळेवर घासून काढल्या नाहीत तर आत तिरप्या उतरतात आणि एके दिवशी रूळ फुटतो. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनच्या उत्तरेस हॅटफील्ड इथे नेमके हेच झाले. ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने गाडी जात असताना रुळाचे तीनशेहून अधिक तुकडे झाले आणि चार जण मृत्युमुखी पडले. रूळ खराब असल्याचे महिनोन्‌महिने आधी कळले होते, बदली रूळ आणून मार्गाच्या कडेला ठेवलेलाही होता. परंतु देखभालीचा ठेका एका कंपनीकडे, नवे रूळ टाकण्याचा दुसरीकडे आणि मालकी तिसरीकडे असल्याने तो बसवला गेला नाही. अपघातानंतर आणखी किती ठिकाणी अशा भेगा आहेत हे रेलट्रॅकला नीट सांगता येईना, कारण अनुभवी अभियंते विखुरले होते आणि मालमत्तेची पक्की नोंदच तिच्याकडे नव्हती. खबरदारी म्हणून देशभर हजाराहून अधिक ठिकाणी वेगमर्यादा घातल्या गेल्या, वेळापत्रक कोलमडले, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीसदृश प्रशासनाखाली गेली. पुढच्या वर्षी रूळ नेटवर्क रेल या नफा न वाटणाऱ्या संस्थेकडे आले आणि २०१४ मध्ये तिचे कर्ज अधिकृतपणे सरकारी कर्जात धरले गेले. गाड्या चालवण्याचे परवानेही कोविडच्या काळात मोडीत निघाले. २०२४ च्या कायद्याने प्रवासी सेवा टप्प्याटप्प्याने पुन्हा सरकारकडे येत आहेत.

हॅटफील्डच्या मानाने भारतातील देखभालीची रीत जुनाट वाटेल. ठरलेल्या लांबीचा मार्ग रोज पायी तपासणारा कीमन, ज्याला मराठी-हिंदी मुलखात चावीवालाही म्हणतात, तो हातोडा आणि पाना घेऊन निघतो, निसटलेल्या क्लिपा ठोकून बसवतो, सांध्यांचे बोल्ट आवळतो, भेग दिसली तर लाल झेंडी लावून गाडी अडवतो आणि वर कळवतो. त्याच्यापासून विभागीय अभियंत्यापर्यंतची साखळी एकाच खात्यात असते. भारतातही रूळ फुटतात, गाड्या घसरतात आणि रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. त्यामुळे सरकारी मालकी म्हणजे सुरक्षितता असे समीकरण मांडणे धाडसाचे होईल. फरक इतकाच की चूक झाल्यावर ती कोणाच्या टेबलावर शोधायची हे इथे निश्चित असते.

मालकी आणि वापर यांची फाटाफूट झाल्यावर काय होते याचा मराठी मुलखातला नमुना विदर्भात आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा अडीच फुटी, सुमारे १९० किलोमीटरचा मार्ग, लोकांच्या तोंडी ‘शकुंतला’, वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी किलिक निक्सन या पेढीच्या छत्राखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधला. राष्ट्रीयीकरणाच्या लाटेत तो कंपनीकडेच राहून गेला. गाड्या सरकारी रेल्वे चालवी आणि कंपनीला करारानुसार मोबदला देई. परिणाम असा, की आपल्या मालकीचा नाही म्हणून रेल्वेने त्यात पैसा ओतला नाही, आणि आपल्याला चालवायचा नाही म्हणून कंपनीनेही नाही. १९२० च्या दशकात मँचेस्टरहून आलेले वाफेचे इंजिन तिथे १९९४ पर्यंत राबत होते. पुढे रूळ इतके खिळखिळे झाले की गाडी सायकलस्वाराला मागे टाकील याचीही खात्री उरली नाही, आणि अखेर सेवा थांबल्या. ‘ब्रिटिशांना आजही खंडणी जाते’ अशा संतापाच्या बातम्या या मार्गावर वरचेवर आल्या, पण खरे दुखणे खंडणीत कमी आणि अर्धवट मालकीत जास्त होते. याउलट बार्शी लाइट रेल्वे, तीही लंडनच्या कंपनीचीच, सरकारने १९५४ मध्ये विकत घेतली आणि मिरज-लातूर मार्ग पुढे ब्रॉड गेज झाला.

भारत सरकारने १ जुलै २०२० रोजी खासगी प्रवासी गाड्यांसाठी प्रस्ताव मागवले तेव्हा ही सारी उदाहरणे उपलब्ध होती. १२ समूहांत विभागलेले १०९ मार्ग, १५१ आधुनिक गाड्या, ३५ वर्षांचा करार आणि सुमारे ३०,००० कोटी रुपयांची अपेक्षित गुंतवणूक असा तो आराखडा होता. रूळ, सिग्नल, चालक आणि गार्ड रेल्वेचे. डबे, देखभाल आणि भाडे ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपनीचे. त्या बदल्यात कंपनीने ‘वहन आकार’, म्हणजे रूळ वापरण्याचे ठरीव शुल्क, शिवाय विजेचा खर्च आणि उत्पन्नातला हिस्सा द्यायचा. यादीत होते ते मोठ्या शहरांना जोडणारे दूर पल्ल्याचे मार्ग. भिंडसारख्या फाट्यांचा त्यात विचार नव्हता, आणि मलई काढून ताक रेल्वेकडे ठेवण्याची ही योजना आहे अशी टीका झाली ती त्यामुळे. गंमत अशी की मलईलाही फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. २०२१ मध्ये निविदा उघडल्या तेव्हा बहुतेक समूहांसाठी एकही बोली नव्हती, आणि जिथे होती तिथे बोली लावणाऱ्यांत रेल्वेचीच आय. आर. सी. टी. सी. होती. योजना गुंडाळावी लागली.

उद्योगांनी पाठ का फिरवली याचे कारण रचनेतच होते. गाडी उशिरा सुटली, मालगाडी पुढे काढली गेली किंवा शुल्क वाढले, तर दाद मागायची ती ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याच रेल्वेकडे. वीज आणि दूरसंचार क्षेत्रांत स्वतंत्र नियामक आहेत, रेल्वेत नाही. बिबेक देबरॉय समितीने २०१५ मध्ये, खासगीकरण हा शब्द टाळून, नियामक आधी आणि स्पर्धा नंतर असा क्रम सुचवला होता आणि त्याहीआधी हिशेबाची पद्धत सुधारायला सांगितले होते. २०१७ मध्ये रेल्वे विकास प्राधिकरणाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, पण ते प्रत्यक्ष कामाला लागले नाही. कंटेनर गाड्या चालवणाऱ्या खासगी कंपन्यांना हा अनुभव २००६ च्या धोरणापासून आहे: वॅगन त्यांच्या, इंजिन आणि मार्ग रेल्वेचा, आणि दर ठरवणारी रेल्वेच.

तरीही कडेकडेने खासगीकरण चालूच आहे, आणि त्याचे परिणाम मिश्र आहेत. भोपाळचे राणी कमलापती स्थानक २०२१ मध्ये खासगी भागीदारीतून नवे झाले. तिथला फलाट स्वच्छ आहे आणि वाहन उभे करण्याचे दर वाढल्याच्या तक्रारीही जुन्या आहेत. आय. आर. सी. टी. सी.च्या लखनौ-दिल्ली तेजसने २०१९ मध्ये एक तासाहून अधिक उशिराला १०० रुपये आणि दोन तासांहून अधिक उशिराला २५० रुपये भरपाई देऊ केली, जी कल्पना सरकारी गाडीतल्या प्रवाशाला अजून स्वप्नवत आहे. म्हणजे ग्राहकाला उत्तर देण्याची सवय स्पर्धेतून येऊ शकते.

इकडे बिर्लानगरला ज्या गिरणीसाठी महत्त्व आले ती १९९० च्या दशकात बंद पडली. खासगी मालकाने तोटा सोसला नाही, आणि तो सोसावा अशी कायद्याची अपेक्षाही नव्हती. स्थानक मात्र राहिले. भिंडचा दोन फुटी फाटा सरकारी खर्चाने ब्रॉड गेज झाला, मालनपूरच्या औद्योगिक वसाहतीवरून जाऊ लागला आणि २०१६ मध्ये इटाव्यापर्यंत पोचला. श्योपूरची नॅरो गेज, जिच्या टपावर बसून माणसे दहा-दहा तासांचा प्रवास करीत, ती २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती कायमची. तिच्या जागी ब्रॉड गेज टप्प्याटप्प्याने येत आहे. ज्या माधवरावांनी ही रेल्वे काढली त्यांचे नातू माधवराव शिंदे १९८६ ते १९८९ या काळात रेल्वेमंत्री होते आणि पहिली शताब्दी १९८८ मध्ये ग्वाल्हेरच्याच मार्गावर धावली, हे पाहता राजकीय वजन हेही सरकारी मालकीतले एक चलन आहे, हे नाकारता येत नाही. ज्या जिल्ह्याला तसा वाली नसतो त्याचा फाटा सरकारी अमलातही दशकानुदशके कागदावर राहतो.

असा फाटा चालवायला नेमका किती खर्च येतो, त्यातला किती प्रवाशाने दिला आणि किती मालवाहतुकीने, याचा मार्गनिहाय हिशेब भारतीय रेल्वे अर्थसंकल्पात मांडत नाही. आणि २०१७ पासून तिचा स्वतंत्र अर्थसंकल्पही सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला आहे. युरोपातील अनेक देशांत तोट्याच्या मार्गासाठी सरकार ‘सार्वजनिक सेवा करार’ करते, म्हणजे इतक्या गाड्या, इतक्या वेळा, या भाड्यात चालवा आणि त्याचे इतके पैसे घ्या, असे लिहून देते. मग चालवणारी संस्था सरकारी असो की खासगी, तिची रक्कम आणि तिचे काम दोन्ही लोकांसमोर असतात. बिर्लानगर-भिंड मार्गासाठी असा करार करायचा ठरला, तर त्यात कोणती रक्कम लिहावी हे सांगणारे कागद आधी तयार करावे लागतील.